डॉक्टरांच्या गाडीचा सहावा बोल्ट

माझ्या गॅरेजात आठवड्याला उदबत्तीचे चार-पाच पुडे लागायचे आणि देवाची तसबीर एकच होती. नव्या माणसाला वाटायचं, मिस्त्री फार धार्मिक. मी कोणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही, कारण धार्मिक मिस्त्रीशी गिऱ्हाईक कमी हुज्जत घालतं.

खरं कारण सांगतो. इंजिनात पेट्रोल जळलं की त्याचा धूर आधी एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नळकांड्यात जातो. त्याला आम्ही मॅनिफोल्ड म्हणतो. तिथून तो पाइपातून, सायलेन्सरमधून गाडीच्या मागं बाहेर पडतो. हे नळकांडं इंजिनाला जिथं चिकटतं तिथं जोड सुटला की धूर मधेच निसटतो. कुठून निसटतो ते डोळ्यांना दिसत नाही. मग इंजिन चालू ठेवायचं आणि पेटती उदबत्ती जोडाजवळून हळूहळू फिरवायची. तिचा धूर सरळ वर गेला तर जोड घट्ट. थरथरून बाजूला झाला तर गळती तिथंच. फक्त कार्ब्युरेटर पेट्रोलनं ओला नाही ना, हे आधी बघून घ्यायचं. एकदा मी बघितलं नाही. मिशी गेली. दीड महिन्यानं परत आली, पण पहिल्यासारखी दाट आली नाही.

वैरागचे एक भुसार व्यापारी जुनी गाडी घेऊन आले होते. मी इंजिनाभोवती उदबत्ती फिरवायला लागलो तशी त्यांनी चपला काढल्या, टोपी सरळ केली आणि हात जोडून उभे राहिले. माझ्याच्यानं त्यांना खरं सांगवेना. काम झाल्यावर म्हणाले, "परसाद?" माझ्या खिशात फुटाणे होते, तेच दिले. पुढच्या आठवड्यात वैरागच्या तीन गाड्या आल्या, तिन्ही नारळ घेऊन. होटगी रोडच्या आमच्या पत्र्याच्या शेडात त्या उन्हाळ्यात खोबऱ्याची चटणी काही संपली नाही.

गळती शोधणं हा कामातला मजेचा भाग. रडवणारा भाग म्हणजे स्टड. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. त्याला दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक इंजिनाच्या बिडात पक्कं बसवलेलं, दुसऱ्या टोकावर नट. हे स्टड रोज लालभडक तापतात आणि रोज थंड होतात. असं वीस-तीस वर्षं झालं की स्टड, नट आणि बीड तिघं गंजून एकजीव होतात. त्यावर पाना घालून जोर लावला तर नट सुटत नाही, स्टडच मोडतो. तुमच्या हातात अर्धा, इंजिनात अर्धा. त्या मोडण्याचा आवाज अगदी बारीक असतो, पण मिस्त्रीला तो हातोड्याच्या घावासारखा ऐकू येतो.

मी माढा तालुक्यातला. शेतीत भावांच्या हाताखाली मन रमेना म्हणून सोलापूरला आलो आणि एका उस्तादांकडं काम शिकलो. ते जाम नटाला कधी हातोडा लावू देत नसत. म्हणायचे, "मारो नक्को उसको. मनाओ." आधी दोन दिवस रॉकेल पाजायचं. मग भोवतीचं बीड ब्लोलॅम्पनं तापवायचं आणि स्टडच्या बुडाला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आपोआप आत ओढलं जातं, आट्याआट्यात शिरतं. मग पाना. पाव फेरा सोडायचा, परत पाव फेरा आवळायचा. पुन्हा सोडायचा. रुसलेल्या जावयाला जेवायला उठवतात तसं. हे सगळं मी शिकलो, पाठ केलं, दुसऱ्यांना शिकवलं. आणि एकदा, घाईत, केलं नाही. त्याचीच ही गोष्ट आहे.

सत्तरच्या दशकातली. पेट्रोल महागलं होतं आणि लोक जुन्या गाड्या फुंकून स्कूटरी घेत होते. आमच्या भागात जोगदेव डॉक्टरांनी मात्र वडिलांची लांब नाकाची विलायती गाडी सोडली नव्हती. गाडी वयानं डॉक्टरांपेक्षा थोडीच लहान. आठवडाभर ती शहरात दवाखान्याला जायची, आणि दर बुधवारी डॉक्टर ती घेऊन होटगीला आणि तिथून पुढं दोन-तीन गावांत रोगी बघायला जायचे. तिकडं दुसरा डॉक्टर नव्हता. मिशा पांढऱ्या, तपकिरीची डबी कायम हातात आणि जिभेला हाड नाही. मला म्हणायचे, "दत्तोबा, तुझा धंदा बरा. तुझा रोगी बोलत नाही."

एका हिवाळ्यात सकाळी डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, टांग्यातून उतरल्या. एकट्या. पदर सावरत इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "दत्तोबा, एक काम करायचं. गाडी अशी बिघडव की पुन्हा चालूच होता कामा नये."

मी हातातला पाना खाली ठेवला. तोवर आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं.

"का वो काकू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, हे फार थकलेत. डोकं दुखतं, डोळ्यांवर झापड येते, माणसांची नावं आठवत नाहीत. गेल्या बुधवारी होटगीहून येताना गाडी रस्ता सोडून ज्वारीत घातली. विचारलं तर म्हणतात, ज्वारीच रस्त्यात आली. आमचा मधू या रविवारी पुण्याहून येतोय. त्यानं गाडीला गिऱ्हाईक ठरवलंय. दवाखाना बंद करून आम्हाला पुण्याला न्यायचं म्हणतो. हे ऐकणार नाहीत, भांडणं होतील. त्यापेक्षा गाडीच मेली तर प्रश्न मिटला."

मी त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला गेलो. त्या निघता निघता म्हणाल्या, "रविवारी मात्र अगदी पूर्वीसारखे असतात हो. पेपर वाचतात, माझ्याशी कडाकडा भांडतात. सोमवारपासून पुन्हा बिघडतात."

टांगा गेल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. रविवारी दवाखाना बंद. रविवारी गाडी त्यांच्या दारात उभी. पण डॉक्टरांच्या तब्येतीवर मिस्त्रीनं बोलायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. म्हणून आधी स्वतः बसून बघायचं ठरवलं. त्या बुधवारी डॉक्टरांना म्हणालो, "डॉक्टरसाहेब, होटगीला माजं काम हाय, येऊ का?" काम कसलं, काही नव्हतं.

थंडी कडाक्याची होती, चारी काचा बंद. सात-आठ मैल गेलो आणि मला फार बरं वाटायला लागलं. कारण नसताना हसू येत होतं. रस्त्यात म्हैस आडवी आली तर मी तिला नमस्कार केला. डॉक्टर म्हणाले, "ओळखीची आहे का?" आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं ते अजून कळलेलं नाही. परत येताना मात्र कानशिलं ठणकायला लागली. होटगी सुटल्यावर मी गाडी थांबवायला लावली, उतरलो आणि सकाळची भाकरी रस्त्याला अर्पण केली.

डॉक्टर खाली उतरले, माझी नाडी बघितली आणि म्हणाले, "पित्त." मग स्वतःच डोकं धरून मैलाच्या दगडावर बसले. त्यांचा चेहरा माझ्याहून वाईट दिसत होता.

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, पित्त न्हाई ह्ये. गाडी आपल्याला धुरी देतीया."

"मग मला वास कसा नाही आला?"

"तुमच्या नाकात तपकीर हाय की."

त्यांनी हातातली तपकिरीची डबी न उघडताच खिशात घातली. या माणसानं विषारी धुरानं गुदमरलेले रोगी तपासले असतील, पण स्वतःच्या डोकेदुखीला त्यांनी म्हातारपण असं नाव देऊन टाकलं होतं आणि एकदा नाव दिलं की तपासणी थांबते. चारी काचा खाली करून, कानाला मफलर बांधून, कुडकुडत आम्ही सोलापूर गाठलं. गाडी माझ्या शेडात लावली. डॉक्टर म्हणाले, "रविवारपर्यंत?"

"रविवारपातूर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि उदबत्ती पेटवली. पहिल्या पाच स्टडपाशी धूर शहाण्यासारखा सरळ वर गेला. सहावा स्टड सगळ्यात मागं, डॉक्टरांच्या पायांसमोरच्या पत्र्याला लागून. तिथं धूर असा उसळला की उदबत्तीच विझली. पत्र्याला जुनं भोक होतं, भोवती काजळी जमली होती. धूर तिथून थेट आत. मी इंजिन बंद करून थंड होऊ दिलं आणि सहाव्या नटाला पाना लावला. जोरही लावला नव्हता, तर नट, स्टड, सगळं मिळून माझ्या बोटांत आलं.

तो स्टड नव्हताच. आखूड तुकडा होता, बुडाला वाळलेल्या लुकणाचा, म्हणजे फटी बुजवायच्या लगद्याचा, गोळा. दिसायला स्टड, धरायला काही नाही. मी म्हणालो, कोण हा गाढव? मग गोळ्यावरचा अंगठ्याचा ठसा दिसला. माझ्या उजव्या अंगठ्याला पंख्याच्या पात्यानं पडलेली एक आडवी खूण आहे. ती लुकणात जशीच्या तशी उमटली होती.

मग सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधल्या दिवशी, शेडात गाड्यांची रांग, डॉक्टर घड्याळ बघत उभे. सहावा नट सुटेना. मी मनवण्याऐवजी जोर लावला आणि तो बारीक आवाज झाला. मोडलेलं टोक आतच राहिलं. मी वरून लुकण भरलं, आखूड तुकडा दाबून बसवला, त्यावर नट ठेवला. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात आणि सगळेच गिऱ्हाइकाला एकच सांगतात. मीही सांगितलं, "आठ दिसांनी आना, नीट करून देतो." गाडी चालत होती. आठ दिवस काही आले नाहीत. मी विसरलो.

दोन वर्षं. मी ऑइलच्या डब्यावर बसलो. शेडात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तुकडा भंगारात टाकला असता तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. उलट डॉक्टरांचा प्राण वाचवला म्हणून हार पडला असता. खोटं कशाला बोलू, हाराचा विचार मी केला. मग तुकडा लुकणासकट फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला, पण तो सांगण्यासाठी ठेवला की लपवण्यासाठी हे माझं मलाच ठरत नव्हतं.

आधी काम. पाच स्टड रॉकेल आणि मेणाच्या जोरावर लक्ष्मीच्या पावलांनी बाहेर आले. सहावा आत मोडून बिडाच्या पातळीत बसलेला, धरायला नखभर जागा नाही. त्याच्या बरोबर मधोमध भोक पाडायचं, त्या भोकात उलट्या आट्यांची कडक कांडी घालायची आणि उलटी फिरवत जुना तुकडा बाहेर काढायचा. भोक जरा तिरकं गेलं तर आटे गेले. मागं इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतं, भोक खोल जाऊन तिथं पोचलं तर इंजिन कायमचं गेलं. आणि ती कडक कांडीच आत मोडली तर सरळ गाव सोडून जावं.

गुरुवार रॉकेल पाजण्यात गेला. शुक्रवारी हातड्रिलनं भोक पाडलं, केसाकेसानं, कपाळाचा घाम ड्रिलवर पडत होता. कांडी घातली, फिरवली, ढिम्म. तापवलं, मेण दिलं, फिरवली, ढिम्म. शनिवारी दुपारपर्यंत अकरा वेळा तापवून झालं. बाराव्या वेळी मी त्या तुकड्याला मोठ्यानं म्हणालो, "बाबा, चूक माजी हाय. तुजी न्हाई. आता ये की." आणि कांडी हलली! आधी सूतभर, मग पाव फेरा, आणि मग तो गंजका तुकडा नाचत नाचत बाहेर आला. मीही नाचलो. त्या शेडात, तेलकट चड्डीत, एकटाच, मॅनिफोल्डला मिठी मारून. रस्त्यानं ऊस घेऊन चाललेल्या गाडीवानानं बैल थांबवून विचारलं, "काय, पोरगा झाला व्हय?" मी म्हणालो, "व्हय!"

नवे स्टड बसवले, वर पितळेचे नट घातले, कारण पितळ लोखंडाशी गंजून एकजीव होत नाही. मधे नवं पॅकिंग. पत्र्याचं भोक बुजवलं. संध्याकाळी उदबत्ती लावली तर सहाही ठिकाणी धूर ताठ.

रविवारी सकाळी डॉक्टर आणि त्यांचा मुलगा मधुकर आले. मधुकर पुण्याला मोठ्या कचेरीत साहेब होते, इस्त्रीचे कपडे, माणूस वडिलांच्या काळजीनं कावलेला. मी उदबत्ती फिरवून दाखवली, धूर आत कसा यायचा ते समजावलं. मधुकर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला.

"बाबांना दोन वर्षांपासून त्रास आहे. दोन वर्षांपूर्वी असं काय झालं?"

गाडी जुनी हाय साहेब, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण डॉक्टर माझ्याकडं बघत होते आणि आज त्यांचे डोळे स्वच्छ होते. तीन दिवस गाडीत बसले नव्हते ना. मी खिशातला तुकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. दसरा, घाई, लुकण, आठ दिवस.

मधुकर पांढरेफटक पडले. "अहो, माणूस मेला असता!"

"व्हय साहेब," मी म्हणालो.

डॉक्टर तुकडा बोटांत फिरवत होते. अंगठ्याची खूण बघितली, माझा अंगठा धरून तिच्याशी ताडून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे मी म्हातारा झालेलो नाही?"

"न्हाई जी."

"तू मला केलास."

"व्हय."

आणि ते हसायला लागले. आधी पोट धरून, मग गाडीला टेकून, मग तिथंच पायरीवर बसून. "अरे, दोन वर्षं मी अशक्तपणाची इंजेक्शनं घेतोय स्वतःच्या हातानं! मृत्युपत्र केलंय रे मधू!" मधुकरांना हसावं की रागवावं कळेना. मला तर रडूच आलं. कोणी माझ्या थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

हसून झाल्यावर डॉक्टर गंभीर झाले. "दत्तोबा, शिक्षा ऐक. येत्या बुधवारी माझ्याबरोबर यायचं आणि प्रत्येक गावात हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. दोन वर्षं लोक समजतायत, डॉक्टर वेडे झाले. त्यांना कळू दे." मधुकर म्हणाले, "मीही येणार. चार दिवस रजा वाढवतो. पण गाडी मी चालवणार, बाबा. आणि विकायचं की नाही ते परत आल्यावर ठरेल."

तसं आम्ही बुधवारी निघालो. मधुकर चाकावर, शेजारी डॉक्टर, मागं मी. काचा बंद, आणि कोणाचं डोकं दुखेना. होटगीत पारावर मी पहिल्यांदा उभा राहिलो आणि चाचरत सांगितलं. लोकांनी ऐकलं, एकमेकांकडं बघितलं आणि एक जण म्हणाला, "आनी आमी म्हनत होतो, डॉक्टर घेत्यात." डॉक्टरांना ठसका लागला. पुढच्या गावात मी जरा रंगवून सांगितलं. तिथल्या शाळेच्या मास्तरांनी ते मुलांना प्रार्थनेनंतर सांगायची परवानगी मागितली. वडील रोगी तपासत असताना मधुकर त्यांच्याकडं टक लावून बघत होते. डॉक्टर प्रत्येकाला नावानं हाक मारत होते, मागचा आजार, सुनेचं बाळंतपण, बैलाचा खूर, सगळं विचारत होते.

शेवटचं गाव अक्कलकोटच्या अंगाला, तिथं घराघरात कानडी. गौरव्वा नावाची म्हातारी उंबऱ्यात बसलेली होती. गुडघ्यांनी अधू, नव्वदीच्या आसपासची. "बर्री डॉक्टर, बर्री," असं कानडीत या-या करत तिनं घोंगडं अंथरलं. मी चौथ्यांदा माझा गुन्हा सांगितला. एव्हाना मला तो पाठ झाला होता. म्हातारीनं लक्ष देऊन ऐकलं. मग तिनं माझ्याकडं बघत दोन्ही पाय पुढं पसरले.

"ह्येंचं म्हातारपन तू काडलास न्हवं? मग माजंबी बग की जरा."

सगळे हसले. मधुकरसुद्धा, रविवारपासून पहिल्यांदा. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो. "आज्जी, ह्यो बोल्ट मी न्हाई बसवला."

"आस्सं व्हय," ती म्हणाली. निराश झाली नाही. तिनं डॉक्टरांचा हात धरला आणि एकदम हळू विचारलं, "मग फुडल्या बुधवारी येनार न्हवं? पुन्याला जानार म्हनत्यात लोक."

डॉक्टरांनी मुलाकडं बघितलं. मला वाटलं आपण बाहेर जावं, पण दार म्हातारीनं अडवलेलं होतं.

मधुकरांनी सदऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि वडिलांच्या हातात दिली.

"येतील, आज्जी," ते म्हणाले. "स्वतः चालवत येतील." मग म्हातारीच्या बाजूनं सरकत आमच्या आधी बाहेर जाऊन ते गाडीच्या मागच्या सीटवर बसले आणि मला सरकून जागा करून दिली.